गावानं बांधून दिलेली होडी

कुणाच्या धंद्याला गावानं हातभार लावायचं ठरवलंय असं ऐकलं, की मी अजून सावध होते. बचत गटाच्या पोरी माझ्याकडं येतात. पापडाचं काढतो म्हणतात, शेवयांचं काढतो म्हणतात, आजी तुम्ही पाठीशी उभ्या राहा म्हणतात. मी राहते उभी. फक्त आधी एक विचारते, "मदत करणाऱ्याला तोंडावर नाही म्हणता येईल का गं तुम्हाला?" पोरी एकमेकींकडं बघून हसतात. म्हातारीला तिरकं बोलायची खोडच आहे, असं त्यांना वाटतं. खोड आहे, ते मी नाकारत नाही. पण प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही.

मी मूळची बारामतीच्या कालव्याकाठची. माहेरी भाजीपाल्याचा मळा, आणि बाजारात पाल टाकून बसणारी आई. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की ती सरळ म्हणायची, "परवडत नसंल तर फुडं व्हा." त्यात ना तिला वाईट वाटायचं, ना गिऱ्हाइकाला. पुढच्या बाजाराला तेच गिऱ्हाईक पुन्हा हजर. धंदा म्हणजे असा, ही माझी समजूत. लग्न होऊन मी इंदापूरच्या अंगाला, भीमेच्या काठावर आले, तेव्हा हीच समजूत पदराला बांधून आणली होती. स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली असतील. माझे सासरे गावातले मोठे माणूस. सगळे त्यांना तात्या म्हणत, मी मामंजी म्हणे, तेही स्वतःशीच, कारण त्यांच्यासमोर सुनेनं बोलायची रीत नव्हती.

नदीपलीकडं सोलापूर जिल्हा. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून माणसं, शेरडं, गाढवं सगळी चालत जायची. पावसाळ्यात मात्र पलीकडचा माणूस परदेशी. तेव्हा जायचं ते काहिलीतून. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती मोठी, पसरट लोखंडी कढई. गुऱ्हाळं बंद असायची, काहिली रिकाम्या, मग त्यांच्याच होड्या. गोल बुडाची ती काहील पाण्यात गरगर फिरायची आणि आतली माणसं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. गावचा एक कोळी ती काहील हाकायचा आणि सुगीला खळ्यावरून धान्य घेऊन जायचा. तो म्हातारा गेला आणि काम त्याच्या मुलाकडं आलं.

हा मुलगा वेगळ्या डोक्याचा. त्याला स्वतःची होडी हवी होती. चांगली लाकडी, लांबट, बाजाराच्या दिवशी पलीकडच्या माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, पाट्या इंदापूरला आणता येतील अशी. खळ्यावर पदर पसरायचा नाही, खेपेचं भाडं घ्यायचं. त्याची बायको आणि मी नदीवर एकाच दगडाला धुणं धुवायचो. बारीक अंगाची, कमी बोलणारी पोर. मला आक्का म्हणायची. तीच एकदा म्हणाली, "आक्का, सोसायटीकडनं कर्ज काढतो म्हनत्यात. मिळंल का वं?" मी म्हटलं, का नाही मिळणार.

तो कर्ज मागायला निघाला ही बातमी देवळात पोचली आणि तिथंच त्याचं नशीब फिरलं. मामंजी म्हणाले, "गावातल्या पोरानं हुडीसाठी भाईर हात पसरायचा? आमी काय मेलो का?" झालं. गावाला उमाळा आला. मामंजींनी बांधावरची जुनी बाभळ दिली, होडीच्या कण्यासाठी. कुणी फळ्या दिल्या, कुणी खिळे, कुणी सांधे भरायला अंबाडी, कुणी डांबर, कुणी दोर. सुतारानं आपली मेहनत दिली, लोहारानं आपली. ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्यानं सुताराला भाकरी पोचवल्या. सगळं मनापासून. त्या दिवसांत मी कुणाच्या तोंडून एक वाकडा शब्द ऐकला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. होडीवाला तेवढा दिवसेंदिवस गप्प होत गेला. लोक म्हणत, पोरगं भारावून गेलंय.

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी पूजा झाली. आमच्या गावची रीत अशी, की सामाईक कामात ज्यानं जी वस्तू दिली त्यानं त्या वस्तूला आपल्या हातानं हळदकुंकू लावायचं. नव्या विहिरीला, देवळाच्या दाराला, सगळीकडं हीच पद्धत. एकेकजण पुढं येऊन आपली फळी, आपला खिळा, आपला दोर शोधून काढत होता आणि बोटं टेकवत होता. पूजा संपली तेव्हा होडीवर कोरी अशी जागा उरली नव्हती. होडीवाला वल्हं घेऊन उभा होता. वल्हं त्याचं स्वतःचं, बापाचं. त्याला मात्र कुंकू लावायचं कुणाला सुचलं नाही.

थोड्या दिवसांनी इंदापूरहून विकासगटाचे कुणी साहेब जीपमधून आले. होडी बघून फारच खूश झाले. ग्रामोद्योगाला गावानं असा आधार दिला पाहिजे, बाकीच्या गावांनी हे शिकलं पाहिजे, असं बरंच बोलले. मग त्यांनी सहज विचारलं, "होडीचा मालक कोण?"

होडीवाल्यानं मामंजींकडं बघितलं. मामंजी हसून म्हणाले, "गावाची हाय की." साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी बायकांत उभी होते. शेजारी उभी असलेली त्याची बायको माझ्या कानाशी म्हणाली, "म्हंजी आमी कोन?"

नदीला पाणी चढलं आणि धंदा सुरू झाला. धंदा कसला! गावातला माणूस भाडं द्यायचा नाही, कारण स्वतःच्या फळीवर बसायचं भाडं कसलं? ते एक वेळ चाललं असतं, पलीकडचे लोक द्यायचे. पण होडी भरली तरी कुणी मागं राहायचा नाही. "पुढच्या खेपेला नेतो" म्हटलं की उत्तर तयार: "माझे खिळे हायेत त्यात." खिळेवाला बसला की डांबरवाला बसायचा. डांबरवाल्यानं शेळी आणली की दोरवाला दोन शेळ्या घेऊन यायचा. काहील हाकणाऱ्या बापाचं लोक ऐकायचे, कारण काहील एका गुऱ्हाळवाल्याची आणि बुडायची भीती सगळ्यांची. इथं होडी सगळ्यांची, म्हणून भीती कुणाचीच नाही.

मी होडीवाल्याच्या बायकोला आमच्या कालव्याची गोष्ट सांगितली. कालव्याच्या दाराशी दगडावर एक खूण असते. पाणी तिथवर आलं की पाणी सोडणारा पाटकरी दार पाडतो, मग मामलेदाराचा मळा सुकला तरी उघडत नाही. माणसाशी भांडता येतं, खुणेशी काय भांडणार? तिला ते पटलं. दुसऱ्या दिवशी होडीच्या दोन्ही अंगांना बाहेरून चुन्याची पांढरी रेघ दिसली. रेघेला पाणी टेकलं की पुढचा माणूस काठावर थांबणार.

पहिले काही दिवस लोकांनी रेघेची मजा केली. "काय रे, तुझी रेघ आज जेवली का?" असं विचारायचे. मग चेष्टेला धार यायला लागली. आमच्याच होडीवर आम्हालाच हद्द आखून दाखवतो, असं पारावर बोलणं सुरू झालं. आमच्या घरात जेवताना मामंजी म्हणाले, "पोराला शिंगं फुटली." आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, माझ्याकडं बघितलं. धुण्याच्या दगडावर काय बोलणं होतं ते त्यांना सगळं ठाऊक असायचं.

भाद्रपद लागला. आमच्याकडं आभाळ स्वच्छ, ऊन कडक, बांधावरचं गवतसुद्धा मान टाकायला लागलेलं. आणि नदी चढत होती. भीमेचं हे मला कधीच सवयीचं झालं नाही. पाऊस पडतो तिकडं घाटात, इथं त्याचा ठिपका नाही, आणि तरी रोज सकाळी पाणी आणखी एका पायरीवर चढून बसलेलं असतं. रंग तांबडा, वर फेस, मधूनच एखादं मुळासकट झाड, त्यावर बसलेला कावळा. आवाज मात्र काही नाही. कालव्याचं पाणी बोलतं तरी. ह्या पाण्याकडं बघताना वाटायचं, ह्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळू द्यायचं नाही असं ह्यानं ठरवलेलं आहे.

गौरी दोन दिवसांवर आल्या. माझी नणंद पलीकडं दिलेली. तिला सणाला आणायला मामंजी स्वतः निघाले. मी काठावर शिदोरी द्यायला गेले होते. होडी भरलेली, रेघ बुडालेली. होडीवाल्यानं हात जोडले.

"तात्या, रेघ टेकली. ही खेप टाकतो आन् तुमाला एकल्याला न्यायला येतो. पान्याला वढ लई हाय."

मामंजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "व्हय का? मग असं कर. माझी बाभळ तेवढी काढून दे. बाकीची हुडी घिऊन जा खुशाल."

लोक हसले. मग कुणीतरी होडीतून उठलं आणि म्हणालं, "तात्या न्हाय तर मी बी न्हाय. माझी फळी दे." दुसरा उठला. तो होडीवाला एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. शेवटी त्यानं हात सोडले आणि म्हणाला, "बसा, तात्या." मामंजी बसले, आणि उठलेलेही परत बसले. होडीचा काठ पाण्यापासून एवढासा, तळहाताच्या आडव्या बोटांएवढा राहिला. मी शिदोरीचं फडकं हातात तसंच धरून उभी होते. द्यायचं विसरलेच.

होडी गेली. मधल्या धारेला ती आडवी झाली, एकदा खाली दबली, लोकांचा आवाज काठावर उशिरा आला. आणि मग ती पलीकडं लागली. सगळे सुखरूप.

ह्या सुखरूपपणासारखी वाईट गोष्ट त्या गावात दुसरी घडली नसेल. संध्याकाळी मामंजी लेकीला आणि नातवाला घेऊन परतले ते गड जिंकल्यासारखे. उतरल्या उतरल्या त्यांनी पायातल्या वहाणेनं ती रेघ खरवडून काढली आणि म्हणाले, "आं? काय झालं?" खरंच, काय झालं होतं? काही नाही.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्याची बायको धुण्याच्या दगडावर आली, पण धुणं बाजूलाच ठेवून बसली. मी म्हटलं, "जाऊ दे गं. सुखरूप आले ना?" ती पाण्याकडं बघत म्हणाली, "आक्का, आलं त्येच वंगाळ झालं."

मी तिच्यावर ओरडले. नवरा होडीत असताना बाईनं असं बोलू नये. ती शांत होती. म्हणाली, "ते आता कुनालाच न्हाय म्हनत न्हाईत. सकाळधरनं नुस्तं बसा बसा चाललंय. घरात बी. भाकरी वाढू का म्हनलं तरी बसा म्हनत्यात." मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

गौरींचं विसर्जन झालं आणि नणंदेला पोचवायचा दिवस आला. पाणी आणखी चढलं होतं. मामंजी, नणंद, तिचं दुडूदुडू चालणारं पोर, आणि पाठोपाठ मी, सणाच्या शिध्याची पाटी डोक्यावर घेऊन. काठावर जत्रा. सगळ्यांच्याच लेकीबाळी परत निघालेल्या. आणि होडीवाला होडीत उभा राहून हसत होता. मी त्याला कधी असं हसताना बघितलं नव्हतं.

"या, या. बसा. जागा हाय."

बाया बसत होत्या, पुरुष बसत होते, पाट्या, गाठोडी, एक कालवड. "या, बसा, जागा हाय." रेघेची जागा केव्हाच पाण्याखाली गेली होती. त्याची बायको काठावर खुंटीचा दोर धरून उभी होती, रोजच्यासारखी. दोर सोडायचा आणि घरी जायचं, एवढंच तिचं काम. ती होडीत कधी बसायची नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

नणंद पोराला मांडीवर घेऊन बसली होती, मामंजींच्या शेजारी. मी म्हटलं, "वन्सं, उतरा."

तिनं बापाकडं बघितलं. मामंजी नदीकडं बघत राहिले. सून बोललीच नाही असं धरून चालायचं त्यांनी ठरवलं होतं. मी पाटी खाली टाकली, पाण्यात शिरले, तिच्या मांडीवरचं पोर उचललं आणि चढ चढायला लागले. पोरानं भोकाड पसरलं. नणंद "वैनी, वैनी" करत होडीतून उडी मारून माझ्यामागं. आणि लेक उतरली म्हणून मामंजी उतरले.

मग जे झालं ते आमच्या गावातच होऊ शकतं. तात्या उतरले, तर आपण कसं बसून राहायचं? आणि तात्यांची सून चारचौघांत तात्यांसमोर बोलली, हे काय रोज बघायला मिळतं? सगळी होडी भराभरा रिकामी झाली. कालवडसुद्धा उतरवली. माझ्याभोवती कडं झालं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं, पाठी नदीकडं.

मामंजी पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले. "लाज सोडलीस का पोरी?"

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात कड्याच्या पलीकडं मला दिसलं. रिकामी होडी पाण्यावर उंच उचलली गेली होती. होडीवाला हसायचा थांबला होता. तो बायकोकडं बघत होता आणि ती त्याच्याकडं. तिनं खुंटीचा दोर सोडला, लुगडं वर खोचलं आणि होडीत चढली. त्यानं वल्हं टेकून होडी काठापासून ढकलली.

मी बोलत राहिले. काय बोलले ते मला आज आठवत नाही. माहेरचं काढलं, कालवा काढला, बाभळीचं काढलं, मामंजींच्या पागोट्यापर्यंत गेले असेन. लोकांनी मागं वळू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. उभ्या आयुष्यात माझी जीभ इतकी कामाला आली नाही. पोर माझ्या कडेवर रडत होतं, तेही कामालाच आलं.

शेवटी कुणाची तरी नजर गेली. "आरं, हुडी!"

तोवर ती धारेला लागली होती. पलीकडं नव्हती निघाली, खाली निघाली होती, नरसिंहपूरच्या दिशेनं, जिथं नीरा येऊन मिळते आणि पाणी दुप्पट होतं. एवढी माणसं काठानं पळत होती आणि ओरडत होती. "माझ्या फळ्या!" "आरं, माझा दोर!" मी कान देऊन ऐकत होते. "परत या, बुडाल" असं ओरडणारा एकही आवाज मला ऐकू आला नाही. होडीत ती दोघं पाठमोरी होती. ती खाली बसली होती, तो उभा होता. वळणावरच्या बाभळींमागं होडी गेली, आणि पाणी पुन्हा आधीसारखं गप्प झालं.

त्यांच्या घरात बाया जाऊन बघून आल्या. उतरंड जागच्या जागी, पीठ मळायला काढलेलं, दोरीवर तिचं दुसरं लुगडं वाळत घातलेलं. म्हणजे आधीपासून ठरवून काही गेली नव्हती. गावानं लगेच निवाडा केला. एवढं केलं पोरासाठी, आणि पोर चोर निघालं. मला आत्याबाईंनी स्वयंपाकघराबाहेर यायला बंदी केली. मी चुलीपुढं बसून त्या पाण्याचा विचार करायची. त्या पाण्यातून संगमापर्यंत रिकामी होडी नेणं हे काहील हाकणाऱ्या बापाच्या पोराला जमेल, असं स्वतःला सांगायची. मग पुन्हा ते झाड आठवायचं, मुळासकट वाहत आलेलं.

पूर ओसरल्यावर सांगावा आला. संगमाच्या खाली वाळूवर एक होडी उपडी पडलेली आहे. मामंजी आणि सोबत बरेच जण बैलगाड्या घेऊन गेले. मी उंबऱ्याआत उभी राहून वाट बघत होते. होडी माणसांनी ओढून उपडी घातली असेल तर ती दोघं तरली. पाण्यानं उलटवली असेल तर गेली. माझ्या जिवाला तेवढंच कळायला हवं होतं, आणि ते तिथल्या कुठल्याही माणसाला विचारून कळण्यासारखं होतं.

संध्याकाळी गाड्या परत आल्या. होडी तिथंच फोडून, ज्याची वस्तू त्यानं ओळखून घेतली होती. वाटणीत कुरबूर झाली नाही म्हणून सगळे खुशीत होते. मामंजींनी पाय धुतले, ओट्यावर टेकले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. बंदी होती, तरी गेले, आणि समोर उभी राहून विचारलं, "मामंजी, ती दोघं?"

ते अर्धा तांब्या पाणी प्यायले. माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, खरंच नव्हता. काहीतरी सामान आणायचं राहून गेल्यावर माणूस जसा ओशाळतो, तसे ते ओशाळले.

"इचारायचं राह्यलंच की गं," ते म्हणाले.